हजेरीपटातून मतदारयादीत

अर्जुनी-मोरगाव विधानसभा मतदारसंघात मतदान सकाळी ७ वाजता सुरू होतं आणि दुपारी ३ वाजता संपतं. राज्यात बहुतेक ठिकाणी लोक संध्याकाळपर्यंत निवांत रांगेत येतात. इथं मात्र नक्षलग्रस्त म्हणून नोंद झालेल्या मुलखाचे नियम, त्यामुळे ऊन जरा कललं की दार बंद. मतदान केंद्रावरच्या माणसाचा दिवस मग पहाटे चारलाच उगवतो. साडेपाचला अभिरूप मतदान घ्यायचं, निदान ५० मतं टाकून यंत्र बरोबर मोजतं की नाही ते प्रतिनिधींना दाखवायचं, ती मतं पुसायची, मोहोर लावायची, आणि सात वाजता पहिल्या म्हातारीला आत घ्यायचं. ती बहुधा वेळेच्या आधीच आलेली असते.

हा केंद्राध्यक्ष बहुतेक वेळा शिक्षक असतो. त्याचे मदतनीसही शिक्षक, आणि जागा म्हणजे शाळेचीच खोली. बाकं भिंतीला लावलेली, वर बाराखडीचा तक्ता, कोपऱ्यात पुठ्ठ्याची मतदान-खोली. फक्त शाळा परक्या गावची, कारण स्वतःच्या गावात नेमणूक मिळत नाही. आदल्या रात्री तो याच फरशीवर सतरंजी टाकून झोपलेला असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामाला जुंपायला मनाई केली खरी, पण तीन कामं सोडून: दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक. त्यातही निवडणूक म्हणजे स्थानिक संस्थांची, विधिमंडळाची आणि संसदेची अशी सगळीच. शिक्षकांच्या खोलीत या कलमाची थट्टा चालते ती उगाच नाही.

सडक अर्जुनीला हे सगळं वर्षानुवर्षांच्या सवयीचं झालेलं आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुन्या दोन. एक रेल्वेच्या वाटेवरची, मोरगावला चिकटलेली. दुसरी रस्त्यावरची, म्हणून सडक अर्जुनी. हा रस्ता म्हणजे सुरतेजवळच्या हजिऱ्याहून कोलकात्याला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. रात्रभर ट्रक धडधडत जातात. जवळच कोहमाऱ्याला गोंदियाचा रस्ता येऊन मिळतो, सौंदडला रेल्वे भेटते, आणि शेंडा, पांढरी, डव्वा, खोडशिवनी अशी गावं आपापल्या धानाच्या बांध्यांमध्ये आणि बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, कडेला पसरलेली असतात. रोवणीत सगळं गाव चिखलात, धानकापणीनंतर सगळं गाव मंडईत, म्हणजे नाटकांच्या जत्रेत. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, आणि सडक अर्जुनी त्याच्या आठ तालुक्यांपैकी एक. पुढे गावाला नगरपंचायत मिळाली.

अशा तालुक्यात शिक्षकाला गाव जितकं ठाऊक असतं तितकं तलाठ्यालाही नसतं. तलाठ्याला जमीन कळते, शिक्षकाला माणसं कळतात. कुठलं पोर तेंदूपानाच्या हंगामात आईबरोबर जंगलात जातं, कुणाचा बाप नागपूरला बांधकामावर गेला तो परतलाच नाही, कुठल्या घरी दोन चुली झाल्या, कुणाच्या पोरीचं शिक्षण सातवीनंतर थांबणार, हे त्याला हजेरीपटावरून कळतं. हजेरीपटात आणि दाखल-खारीज रजिस्टरमध्ये शेवटी ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना असतो. त्यात लिहायला जागा चार शब्दांची. ‘सतत गैरहजर.’ ‘पालकांसह स्थलांतर.’ गावाचा अर्धा इतिहास त्या रकान्यात मावलेला आहे, आणि तो कुठल्याही ग्रामसभेत वाचला जात नाही.

या रजिस्टरची सत्ता लहान नाही. झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखातच कशाला, महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात साठीच्या पुढच्या दहा माणसांना जन्मतारीख विचारा, त्यातले चार-पाच तरी १ जून नाहीतर १ जुलै सांगतील. ही आईनं दिलेली तारीख नव्हे, मास्तरनं दिलेली. ‘रोवणीच्या दिवसांत झाला होता बा,’ एवढंच बाप सांगायचा. मास्तर पोराच्या उंचीवरून अंदाज घ्यायचा आणि शाळा सुरू होण्याच्या वेळची एक तारीख टाकून मोकळा व्हायचा. त्या तारखेवर पुढे नोकरी मिळाली, निवृत्ती ठरली, मताचा हक्क आला आणि पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून आमदारकीचा अर्जही भरता आला.

जातीचंही तेच. राखीव जागेवर उभं राहायचं तर जातपडताळणी लागते, आणि पडताळणी समिती सगळ्यात आधी मागते तो शाळेचा जुना उतारा. अनुसूचित जातींसाठी पुरावा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे उमेदवाराचा आजोबा कधीतरी शाळेत गेला होता का, आणि गेला असेल तर त्या दिवशी मास्तरनं जातीच्या रकान्यात काय लिहिलं, यावर आजच्या नगरसेवकाचं भवितव्य टांगलेलं. वाळवी लागलेल्या, दोऱ्यानं शिवलेल्या त्या रजिस्टरांसमोर भले भले पुढारी नम्र होतात. कधी काळी ‘कशाला लिहिता गुर्जी एवढं’ म्हणणारेही त्या पानाची छायाप्रत काढून प्लास्टिकच्या पिशवीत जपून नेतात.

सगळ्यांची नावं लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःचं नाव मात्र मतपत्रिकेवर लिहिता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. मत देता येतं, पण निवडणुकीला उभं राहता येत नाही, कुणाचा प्रचारही करता येत नाही. त्याच्याच गल्लीतला, त्यानंच चौथीत दोनदा बसवलेला विद्यार्थी सरपंच होऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत गुणवत्तेवर भाषण करतो, तेव्हा गुरुजी कार्यवृत्त लिहीत असतात. संस्थेच्या शाळेत किंवा महाविद्यालयात शिकवणाऱ्याला वाट त्यापेक्षा मोकळी असते. म्हणूनच विधानसभेच्या जुन्या याद्यांमध्ये ‘प्रा.’ वारंवार दिसतो आणि झेडपीचा गुरुजी क्वचित. तो दिसतो तो बहुधा अठ्ठावन्न वर्षं पुरी झाल्यावर, निवृत्तीच्या निरोप समारंभातली शाल अजून घडीतच असताना.

आता, शिकवून दमलेल्या माणसाला या फंदात पडावंसं का वाटतं?

पहिलं कारण छप्पर. खोली गळते. तिच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती पाडण्यायोग्य ठरवून घेण्याचा प्रस्ताव मुख्याध्यापक करतात. तो केंद्रप्रमुखांकडे जातो, तिथून पंचायत समितीला, तिथून जिल्हा परिषदेला, मग अभियंता येऊन पाहणी करतो. दरम्यान दोन पावसाळे जातात आणि दोन वर्ग एका खोलीत बसतात. ज्यानं असे प्रस्ताव तीस वर्षं तीन-तीन प्रतींत पाठवले, त्याला कधीतरी वाटू लागतं की टेबलाच्या या बाजूला बसून अर्ज लिहिण्याचं पुरे झालं, आता मंजुरीच्या बाजूला बसून पाहू. यात त्याग कमी आणि चीड जास्त असते, आणि ती चीड प्रामाणिक असते. दुसरं कारण पट. वीसच्या आत पट असलेल्या शाळांचं काय करायचं ही चर्चा अधूनमधून उठते, आणि जंगलालगतच्या पाड्यावरचा शिक्षक तेव्हा नकाशा काढून बसतो: ही शाळा गेली तर सात वर्षांचं पोर नाला ओलांडून जाणार कुठे? जुलै २०२३ मध्ये रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांनाच महिना २० हजार रुपये मानधनावर नेमायचा शासन निर्णय निघाला, तेव्हा ज्यांनी नुकताच निरोपाचा नारळ घेतला होता त्यांना पुन्हा त्याच दारातून आत जाण्याचं आमंत्रण मिळालं. काही गेले. काहींनी ठरवलं की आत जायचंच तर दुसऱ्या दारानं.

तिसरं कारण कुणी भाषणात सांगत नाही, पण गावात सगळ्यांना ठाऊक असतं. निवृत्तीनंतर नमस्कार कमी होतात.

शिक्षकानं सत्तेच्या टेबलाशी जाऊन बसण्याची परंपरा मात्र या नमस्कारांपेक्षा फार जुनी आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते निवडून नव्हे, नेमणुकीनं आले होते, पण काम शिक्षकाचंच केलं. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून पालिकेनं एक हजार रुपयांचा स्वागतखर्च ठरवला, तेव्हा ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, असं फुल्यांचं म्हणणं होतं. ठराव मंजूर झाला, विरोधाचं मत एकट्या फुल्यांचं पडलं. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालेले गोपाळ कृष्ण गोखले १९११ च्या मार्चमध्ये केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक घेऊन उभे राहिले. वर्षभरानं ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. एकाच्या बाजूनं एक मत नोंदलं गेलं, दुसऱ्याच्या बाजूनं तेरा. शिक्षकांच्या राजकारणाचा हिशेब मांडायला बसलं की सुरुवात अशा उणे आकड्यांनीच होते.

सर्वांत मोठा उणे आकडा तर याच मातीतला आहे. १९५४ चा उन्हाळा. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. लोकसभेच्या भंडारा पोटनिवडणुकीत राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. देश त्यांना घटनाकार म्हणून ओळखतो, पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग वर्गात गेला हे पटकन आठवत नाही. सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्र शिकवत, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला, पुढे मिलिंद झालेलं महाविद्यालय सुरू केलं. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलेला हा प्राध्यापक १९५२ मध्ये मुंबईत हरला होता, राज्यसभेत होता, आणि लोकसभेत परतायला त्यानं भंडारा निवडला होता.

मतदारसंघ द्विसदस्यीय होता, म्हणजे प्रत्येक मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. भंडाऱ्याकडची जुनी माणसं एक आठवण अजून सांगतात, की कार्यकर्त्यांनी सुचवलं होतं, आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावं आणि दुसरं वाया घालवावं, म्हणजे फरक पडेल. आणि बाबासाहेबांनी ते साफ नाकारलं. ज्यानं मताचा हक्क लिहिला त्यानंच मत वाया घालवायला सांगायचं, हे त्यांच्यातल्या शिक्षकाला मानवलं नसावं. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि आंबेडकर ८,३८१ मतांनी हरले.

या पराभवाबद्दल झाडीपट्टीत दोन सूर ऐकू येतात. एक अपराधाचा, की एवढा माणूस आपल्या दारी आला आणि आपण त्याला परत पाठवला. दुसरा हिशेबाचा, की तेव्हा काँग्रेसची लाटच होती, कोण काय करणार! दोन्ही सूर मनापासूनचे आहेत. एक गोष्ट मात्र दोन्हींत येत नाही: साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला, अनुक्रमांक १९१४ वर, ज्या भिवा रामजी आंबेडकरचं नाव दाखल झालं, तोच हा उमेदवार. महाराष्ट्र आता ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. आणि ज्या प्रवर्गासाठी तेव्हा भंडाऱ्याची ती जागा राखीव होती, त्याच प्रवर्गासाठी २००८ च्या पुनर्रचनेपासून अर्जुनी-मोरगाव विधानसभाही राखीव आहे. सडक अर्जुनी तालुका याच मतदारसंघात येतो. २००९ आणि २०१४ ला इथून निवडून आलेले राजकुमार बडोले पेशानं अभियंते. २०१९ ला मनोहर चंद्रिकापुरे यांनी त्यांना अवघ्या ७१८ मतांनी हरवलं. २०२४ ला बडोले पुन्हा परतले. या यादीत मास्तर नाही. तो त्या ७१८ मतांच्या मोजणीच्या टेबलावर असेल.

याच जिल्ह्यातल्या आमगावकडे सरकलं की चित्र पालटतं. भवभूती हा संस्कृत नाटककार तिथल्या पद्मपूरचा, असं परिसर अभिमानानं मानतो, म्हणून शिक्षणसंस्थेलाही भवभूतीचंच नाव. या संस्थेशी जोडलेलं नाव म्हणजे लक्ष्मणराव मानकर. लोक त्यांना आमदार म्हणून कमी आणि ‘मानकर गुरुजी’ म्हणून जास्त ओळखत. जनसंघाचे आमदार राहिले, पण मागं उरली ती पदवी नव्हे, हाक. त्यांच्या नावानं पुढे नागपूरला स्मृती संस्था निघाली आणि ती विदर्भातल्या आदिवासी पाड्यांवर एकल विद्यालयं चालवते: एक शिक्षक, एक झाड किंवा एक ओसरी, आणि संध्याकाळची शाळा. पक्षाच्या भिंती बाजूला ठेवून पाहिलं तर ही झाडीपट्टीतली सगळ्यात नेमकी स्मारकपद्धत वाटते. पुतळ्यापेक्षा खडू स्वस्त पडतो, हेही आलंच.

त्यांच्याच पट्ट्यातले महादेवराव शिवणकर यांच्या नावापुढचा ‘प्रा.’ मंत्री झाल्यावरही निघाला नाही. १९७८ मध्ये जनता पक्षाकडून आमगावचे आमदार, नंतर भाजपकडून पुन्हा पुन्हा. १९८९ आणि २००४ मध्ये चिमूरचे खासदार. १९९५ च्या युती सरकारात आधी पाटबंधारे आणि मग अर्थखातं. धानाच्या मुलखातून आलेल्या माणसाच्या हाती राज्याचं पाणी आणि राज्याची तिजोरी एकापाठोपाठ एक यावी, हा योग विदर्भाला क्वचित लाभला. अर्थमंत्र्याचं भाषण म्हणजे शेवटी वर्गापुढचा तासच असतो, फक्त वर्ग २८८ जणांचा आणि निम्मा वर्ग ऐकत नसलेला.

उलट दिशेचा प्रवासही याच जिल्ह्यानं पाहिला. मनोहरभाई पटेल विडी-तंबाखूच्या व्यवसायातले, गोंदियाचे नगराध्यक्ष आणि आमदार. स्वतःची शाळा लवकरच सुटलेली. त्यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली, आणि भंडारा-गोंदियात एकाच वेळी बावीस हायस्कुलं उघडल्याची गोष्ट आजही ९ फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीला, सांगितली जाते. शिक्षक राजकारणात गेला की त्याचं कारण विचारलं जातं. राजकारणी शिक्षणात आला की कुणी विचारत नाही. मनोहरभाईंना मात्र स्वतःच्या अर्धवट शाळेचा सल होता, आणि तो त्यांनी बावीस ठिकाणी बांधून काढला. पुढच्या पिढ्यांत शिक्षणसंस्था हीच मतांची बांधी झाली, तिथं शिक्षकाची नेमणूक ही रोवणी आणि निवडणूक ही कापणी, हा भाग वेगळा. विदर्भातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर तो उलगडून सांगायला माणसं तयार असतात.

कायद्यानं मास्तरांसाठी एक वेगळी खिडकी ठेवलेली आहे. घटनेच्या कलम १७१ प्रमाणे विधान परिषदेतल्या साधारण एक-बारांश जागा शिक्षकांच्या. महाराष्ट्रात ७८ पैकी ७. पण तिथं मत आहे ते माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांतल्या शिक्षकांना, तेही सहा वर्षांत निदान तीन वर्षं शिकवलेल्यांना. जो पहिलीच्या पोराचा हात धरून ‘ग’ गिरवतो तो जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक या मतदारसंघात शिक्षक धरला जात नाही. आणि उमेदवार? तो शिक्षक असलाच पाहिजे अशी अटच नाही.

या खिडकीतून नागपूर विभागात बरीच वर्षं आलटून पालटून शिक्षक संघटनांचीच माणसं आत गेली. ३० जानेवारी २०२३ च्या निवडणुकीत दोन वेळचे आमदार, शिक्षक परिषदेचे नागो गाणार यांना विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले यांनी हरवलं. प्रश्न एकच गाजत होता: १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्या वर्षीच्या मार्चमध्ये याच मागणीसाठी राज्यातले कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर गेले, तेव्हा सडक अर्जुनीसारख्या ठिकाणी शाळांना आठवडाभर कुलपं होती आणि मुलं मोहाच्या झाडाखाली. पहाटे मोहफुलं वेचायचा हंगामच होता तो. संप आईबापांच्या सोयीला आला, असं एखादा शिक्षकच हसत सांगेल.

या निवडणुकीची आणखी एक गंमत. मतपत्रिका कागदी, पसंतीक्रम १, २, ३ असा आकड्यांत लिहायचा, आणि तोही आयोगानं दिलेल्या जांभळ्या स्केचपेननंच. कुणी बरोबरची खूण करतं, कुणी ‘एक’ असं अक्षरात लिहितं आणि पुढं सही ठोकतं. दर वेळी शेकड्यांनी मतं बाद होतात. सूचना नीट वाचून उत्तर लिहा, असं जन्मभर सांगणाऱ्यांची ही उत्तरपत्रिका.

बी. टी. देशमुखांचं उदाहरण मात्र याला उतारा म्हणून सांगायला हवं. अमरावतीचे हे प्राध्यापक पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी सलग तीस वर्षं विधान परिषदेत होते. नियमांची पुस्तकं, अर्थसंकल्पाची बाडं, राज्यपालांचे निर्देश हे सगळं परीक्षेला बसल्यासारखं वाचून यायचे आणि विदर्भाच्या सिंचन-अनुशेषाचा आकडा तोंडावर फेकायचे. सभागृहात मंत्री त्यांना उत्तर देण्याआधी सचिवांच्या खुर्चीकडे बघत, असं सांगतात. पाठ करून आलेल्या विद्यार्थ्याला सगळे हसतात, पण पाठ करून आलेल्या आमदारापुढे हसणं परवडत नाही.

आणि ‘सर’ या दोन अक्षरांची किंमत किती, याचा हिशेब २०२४ मध्ये दिंडोरीनं रोख मांडला. नाशिक जिल्ह्यातल्या या आदिवासी राखीव लोकसभा मतदारसंघात राष्ट्रवादी काँग्रेस शरदचंद्र पवार पक्षानं भास्कर भगरे या शाळाशिक्षकाला उभं केलं. समोर केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार. भगरे सर १,१३,१९९ मतांनी जिंकले. पण त्याच मतपत्रिकेवर आडनावानं भगरेच असलेले एक अपक्ष होते. त्यांच्या नावापुढेही ‘सर’ छापलेलं, चिन्ह तुतारी, तर खऱ्या भगरे सरांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मतं पडली. ही सगळीच मतं चुकून पडली असं कुणी छातीठोक म्हणू नये, पण एका मास्तरच्या हाकेवर उसनवारीनं लाखभर मतं जमा होऊ शकतात, एवढं तरी त्या आकड्यातून दिसतंच.

सडक अर्जुनीच्या नगरपंचायतीची निवडणूक २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ अशी दोन टप्प्यांत झाली, कारण ओबीसी आरक्षणाचा प्रश्न मध्येच सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि त्या जागा सर्वसाधारण करून उरलेल्या वॉर्डांचं मतदान मागाहून घ्यावं लागलं. गोंदिया जिल्हा परिषदेच्या ५३ जागांचंही तसंच. गावागावात इच्छुकांनी ज्या प्रवर्गाची तयारी केली होती तोच बदलला. कुणाचं जातपडताळणीचं प्रकरण व्यर्थ गेलं, कुणाची सून घरातच राहिली, आणि ज्याला वाटलं होतं आपला वॉर्ड कधीच खुला होणार नाही त्याला अचानक संधी दिसली. निवृत्त गुरुजींना अशा वेळी हटकून विचारणा होते. त्यांना पैसे खर्च करायचे नसतात, पण त्यांच्याकडे यादी असते. प्रत्येक घरातला कोण मतदार, कोण बाहेरगावी, कोण मेला आणि अजून यादीत जिवंत, हे तोंडपाठ. बीएलओ, म्हणजे मतदारयादी सांभाळणारा केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून दहा वर्षं दारोदार फिरल्याचं ते फळ.

गुरुजी प्रचाराला निघाले की त्यांची अडचण वेगळीच होते. हात जोडायची सवय नसते, हात दाखवायची असते. मंडईच्या रात्री, नाटक सुरू व्हायच्या आधी मंचावर बोलायला उभे केले की पाच मिनिटांचं भाषण पस्तीस मिनिटांचा तास होतं. समोर घोंगडी पांघरून बसलेले लोक त्यांचेच विद्यार्थी. ते उठून जात नाहीत, पण मागच्या ओळीतून कुणीतरी ‘गुर्जी, घंटा झाली’ म्हणतो आणि सगळी मंडई हसते. गुरुजीही हसतात. त्या हसण्यानं किती मतं येतात आणि किती जातात हे त्यांना मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही अशी ही त्यांच्या आयुष्यातली बहुधा पहिलीच परीक्षा.

त्याआधी उमेदवारी अर्जाचा दिवस असतो. तहसील कार्यालयासमोर झेरॉक्सच्या दुकानात गर्दी. अर्जासोबत शपथपत्र, मालमत्तेचा तपशील, गुन्हे नसल्याचं निवेदन, वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला. गुरुजींच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जुलै. ती त्यांच्या मास्तरांनी दिलेली, आणि ते मास्तर कधीच गेलेले. सूचक म्हणून सही करायला आलेला असतो तो त्यांचाच जुना विद्यार्थी, आता ट्रॅक्टरचा मालक. तो अंगठा आडवा करून पेन धरतो, जसा दुसरीत धरायचा, आणि नाव लिहितो. ‘विठ्ठल’मधल्या ‘वि’ला दीर्घ वेलांटी.

गुरुजींचा हात आपोआप लाल पेनकडे जातो. मग ते मतदारयादीचं पान काढून पडताळून पाहतात. अर्जातलं नाव यादीशी जुळायला हवं, खाडाखोड चालत नाही, छाननीत अर्ज बाद होऊ शकतो. यादीतही दीर्घ वेलांटीच आहे. नोंद सात-आठ वर्षांपूर्वीची, त्या भागाचे बीएलओ तेव्हा ते स्वतःच. पान मिटून ते अर्ज पुढच्या सहीसाठी सरकवतात.